दृष्टीचीं उपकरणें आणि त्यांचीं जुनीं नांवें

चैत्र उजाडला कीं दक्षिण महाराष्ट्राच्या गांवागांवांतून जोतिबाचे वेध लागतात. कोल्हापूरच्या वायव्येस दहा-अकरा मैलांवर, भोंवतालच्या सपाटीवरून सुमारें हजार फूट उंच उठलेला हा डोंगर. वाडी रत्नागिरी हें त्याचें दुसरें नांव. चैत्री पौर्णिमेस उंच सासनकाठ्या नाचवीत, गुलालाची उधळण करीत आणि 'चांगभलं'चा गजर करीत लाखों लोक हा डोंगर चढतात. वर पोंचलेल्या यात्रेकरूनें पश्चिमेकडे नजर टाकली, तर पन्हाळ्याची लांबट तटबंदी त्याला साध्या डोळ्यांनींच दिसते. देवाच्या नांवांत ज्योति आहे. आणि ज्योति हा शब्द मराठी माणूस दिव्याला लावतो, तसाच डोळ्यांतील तेजालाहि लावतो. प्रकाश, दृष्टि आणि मनाची ओढ या तिहींची गांठ या एका डोंगरावर सहज पडलेली आहे.

'वेध लागणें' हा प्रयोगच पाहण्याच्या शास्त्रांतून आलेला आहे. संस्कृतांतील 'व्यध्' या धातूचा अर्थ भेदणें, टोंचणें. धनुर्धरानें लक्ष्याचा वेध घ्यावयाचा, तो बाणानें. ज्योतिष्यांनीं हा शब्द उचलला आणि ताऱ्याकडे दृष्टि रोखून त्याचें स्थान निश्चित करण्याला ते वेध म्हणूं लागले. दृष्टि हाच त्यांचा बाण झाला. अशा वेधांसाठीं बांधलेली जागा ती वेधशाळा. ग्रहणापूर्वींच्या निषिद्ध काळालाहि वेध म्हणतात. पुढें तोच शब्द साध्या संसारी माणसाच्या मनांत शिरला आणि माहेरचे, दिवाळीचे, जोतिबाचे वेध लागूं लागले. धनुर्धराकडून ज्योतिष्याकडे व ज्योतिष्याकडून यात्रेकरूकडे असा हा एका शब्दाचा प्रवास आहे.

पाहण्याच्या उपकरणांचीं नांवें अशीं बारकाईनें तपासलीं, तर कोणतें साधन कोणाच्या हातून आलें, कोणीं तें वापरलें आणि कोणीं तें नुसतें दिवाणखान्यांत मिरवलें, याचा पुष्कळ उलगडा होतो. शिवाय दोन वादांचा निकालहि त्यांत लागण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांपाशीं दुर्बीण होती, असें अभिमानानें सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. आणि दुर्बीण हा शब्द परका म्हणून तो टाकून द्यावा, असें म्हणणारेहि एका काळीं पुष्कळ होते. दोन्ही मतांच्या मागें स्वाभिमान आहे. परंतु स्वाभिमानानें पुरावा तपासण्याचें काम टाळतां येत नाहीं.

दृष्टीचें सर्वांत जुनें साधन म्हणजे आरसा. संस्कृतांत त्याला 'आदर्श' म्हणत. ज्यांत आपलें रूप दिसतें तो आदर्श. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडीं हा शब्द झिजत झिजत मराठींत 'आरसा' होऊन बसला. पुढें संस्कृत ग्रंथांच्या वाटेनें मूळचा आदर्श पुन्हा मराठींत आला, तो मात्र निराळा वेष घेऊन. ज्याच्याकडे पाहून आपण आपलें वर्तन घडवावें, असा थोर नमुना तो आदर्श. एकाच आईचीं हीं दोन लेंकरें. एक भिंतीवर टांगलें गेलें, दुसरें देव्हाऱ्यांत बसलें. 'दर्पण' शब्दाचें मूळ 'दृप्' म्हणजे गर्व होणें या धातूंत आहे. नटून समोर उभे राहणाऱ्याचा स्वभाव त्या शब्दानें अचूक पकडला आहे. प्राचीन आरसे धातूचे असत. कांसें किंवा तशीच दुसरी मिश्र धातु घासून घासून तिला झिलई देत. कथील आणि पारा यांचा लेप दिलेला कांचेचा मोठा आरसा ही युरोपांतील कारागिरी. आणि कांचेचा आरसा श्रीमंतांच्या वाड्यांत लागला, तेव्हां 'ऐना' हा फार्सी शब्दहि त्याच्या शेजारीं येऊन बसला. म्हणून खेडवळ घरांत आरसा राहिला आणि सरदाराकडे ऐनेमहाल झाला.

सूर्यकिरण एका ठिकाणीं गोळा करून अग्नि पेटवितां येतो, हें ज्ञानहि आपल्याकडे फार जुनें आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तांत घासून स्वच्छ केलेलें कांसें किंवा मणि उन्हांत धरून, वाळलेल्या शेणास न लावतां तें पेटविण्याची रीति सांगितलेली आहे. अशा मण्याला 'सूर्यकांत' म्हणत, आणि कालिदासाच्या शाकुंतलांतहि हा मणि आलेला आहे. मात्र या सर्व उल्लेखांत मण्याचें काम अग्नि काढण्याचें आहे. अक्षर मोठें करून वाचण्याचें नाहीं. वस्तु हातीं असणें आणि तिचा दुसरा उपयोग सुचणें यांमध्यें कधीं कधीं शेंकडों वर्षें जातात. मराठींतील 'भिंग' हा शब्दहि मुळांत कांचेचा वाचक. पुढें शाळांतून प्रकाशाचे नियम शिकवूं लागले, तेव्हां बहिर्गोल आणि अंतर्गोल हीं विशेषणें जोडून तो साधा घरगुती शब्द शास्त्राच्या कामाला लावला गेला, आणि तो चांगला टिकला.

आतां त्या नळीकडे वळूं, जिच्यावरून दुर्बिणीचा वाद उत्पन्न होतो. भास्कराचार्यांनीं शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि लिहिला. सह्याद्रीच्या आश्रयानें राहणाऱ्या या पंडिताच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें, म्हणून त्याचा नातू चंगदेव यानें चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्यासंबंधीं १२०७ सालचा शिलालेख तेथें आहे. सिद्धांतशिरोमणींत 'नलक' म्हणजे पोकळ नळीचा उपयोग सांगितलेला आहे. ग्रहाचें स्थान आधीं गणितानें काढावें, त्या दिशेनें व त्या उंचीवर नळी रोखून ती बसवावी, आणि राजाला तींतून ग्रह दाखवावा. ग्रहाचें पाण्यांतील प्रतिबिंबहि असेंच नळींतून दाखवितां येतें.

या नळीला दुर्बीण म्हणणाऱ्यांनीं एक साधा विचार करावा. नुसत्या नळीनें दूरची वस्तु जवळ येत नाहीं, मोठीहि होत नाहीं. बाजूचा उजेड अडतो, डोळा भटकत नाहीं, आणि पाहणाऱ्याला नेमकी दिशा सांपडते. एवढें तिचें काम. दुर्बिणींत समोरचें भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा तयार करतें आणि डोळ्याजवळचें भिंग ती मोठी करून दाखवितें. भास्कराचार्यांच्या वर्णनांत भिंगाचा उल्लेख नाहीं. आणि त्यांना त्याची गरजहि नव्हती. त्यांचा डाव निराळा होता. ग्रह कोठें आहे, हें नळीनें शोधावयाचें नव्हतें. तें गणितानें आधींच ठरलेलें होतें. नळी ही गणिताची साक्ष होती. राजानें नळीला डोळा लावला आणि ग्रह तेथें सांपडला, म्हणजे ज्योतिष्याचें गणित खरें ठरलें. नलकाला दुर्बीण म्हणून त्याचें महत्त्व वाढत नाहीं. उलट ज्या गणितासाठीं तो नळा उभा केला, त्याचा मान मात्र झांकला जातो.

भास्कराचार्यांनीं यंत्राध्यायांत गोल, नाडीवलय, यष्टि, शंकु, घटी, चक्र, चाप, तुर्य आणि फलक हीं यंत्रें सांगितलीं आणि अखेरीस 'धीयंत्र' सांगितलें. धी म्हणजे बुद्धि. सर्व यंत्रांत खरें यंत्र बुद्धीचें, हा त्यांचा अभिप्राय. मात्र बुद्धीचा हा गौरव म्हणजे वेध टाळण्याचें निमित्त नव्हे. महाराष्ट्रांतील नंतरच्या चांगल्या ज्योतिष्यांनीं दोन्ही सांभाळलीं. नांदगांवचे केशव दैवज्ञ स्वतः आकाशाकडे पाहून ग्रहांचे वेध घेत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचिलें, आणि 'प्रतोदयंत्र' या नांवाच्या यंत्रावरहि ग्रंथ केला. प्रतोद म्हणजे चाबूक. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या हातांतील चाबूकच वेळ काढण्याचें यंत्र व्हावा, ही कल्पनाच मुळीं सुंदर आहे.

डोळ्यांपुढें भिंग धरून वाचण्याची युक्ति युरोपांत इटलीमध्यें तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. दक्षिणेंतील तिचा एक जुना उल्लेख विजयनगरच्या वैभवकाळांतील आहे. माध्व संप्रदायाचे आचार्य व्यासराय यांच्या चरित्रांत, सोळाव्या शतकाच्या आरंभीं, आचार्य 'उपलोचनगोलक' लावून पोथी वाचीत असल्याचें वर्णन आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं चष्म्याच्या इतिहासावर लिहितांना हा उल्लेख विद्वानांच्या नजरेस आणला. उपलोचनगोलक हा शब्द कवीनें संस्कृतांत घडविला, पण तो ग्रंथांतच राहिला. उपनेत्र हा शब्दहि पंडितांच्याच तोंडीं राहिला. लोकांनीं 'चष्मा' घेतला. फार्सींत चश्म म्हणजे डोळा. त्यावरून हा शब्द आला.

परंतु मराठी घरांतील खरा शब्द निराळाच होता. तो म्हणजे 'चाळशी'. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील नैसर्गिक भिंग कठीण होत जातें, जवळच्या वस्तूवर तें पूर्वीसारखें फुगूं शकत नाहीं, आणि पोथी हातभर लांब धरावी लागते. 'चाळशी लागली' असें म्हटलें कीं वय, व्याधि आणि उपाय हीं तिन्ही एका शब्दांत सांगून झालीं. या शब्दांत कांच नाहीं, डोळा नाहीं, दांडी नाहीं; माणसाचें वय तेवढें आहे. अंगणांत बसून सुईंत दोरा ओंवूं पाहणाऱ्या बाईनें किंवा हिशेबाच्या वहीवर वांकलेल्या कारकुनानें तो सहज उच्चारावा, अशी त्याची जात आहे. इंग्रजी अंमलांतील पाठ्यपुस्तकांना असा शब्द घडवितां आला नाहीं.

यानंतर दुर्बीण. इ. स. १६०८ मध्यें हॉलंडमधील हान्स लिपरशे या चष्मे करणाऱ्यानें, दूरच्या वस्तु जवळ दाखविणाऱ्या साधनासाठीं सरकारकडे हक्क मागितला. तो हक्क त्याला मिळाला नाहीं; पण बातमी युरोपभर पसरली. पुढच्याच वर्षीं गॅलिलिओनें स्वतः तसें यंत्र करून तें आकाशाकडे वळविलें, आणि १६१० च्या आरंभीं गुरूभोंवतीं फिरणारे चार उपग्रह त्याला दिसले. 'टेलिस्कोप' हें ग्रीक धाटणीचें नांव इ. स. १६११ मध्यें रोम येथें एका मेजवानीच्या प्रसंगीं दिलें गेलें. म्हणजे हा शब्द युरोपीयांच्या बोलींतला नव्हे. त्यांनीं तो जुन्या शास्त्रभाषेंतून घडविला.

फार्सी बोलणाऱ्यांना तेवढाहि खटाटोप पडला नाहीं. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. 'दूरबीन' हा शब्द त्यांच्याकडे आधींच होता. पण तो माणसाला लावीत. जो पुढचें पाहून वागतो, तो दूरबीन. यंत्र आलें तेव्हां हा माणसाचा गुण नळीला देण्यांत आला. संस्कृतांतील 'दूरदर्शी' शब्दाची गोष्टहि ऐकण्यासारखी आहे. अमरकोशांत तो विद्वानाच्या नांवांत येतो. आणि उंचावरून फार लांबचें भक्ष्य दिसतें म्हणून गिधाडालाहि संस्कृतांत दूरदर्शी म्हणतात. एकाच शब्दांत पंडित आणि गिधाड बसविणाऱ्या भाषेला, नुसतें लांबचें दिसणें हा कांहीं सद्गुण नव्हे, हें चांगलें ठाऊक होतें. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानें पर्वतीवरून पाहिली. रण समोर दिसत होतें. ज्या दूरदर्शीपणाची गरज होती, तो मात्र लढाईच्या कित्येक वर्षें आधींचा होता. तो पर्वतीच्या उंचीनें मिळण्यासारखा नव्हता.

मराठींत येतांना दूरबीनचा 'दू' ऱ्हस्व झाला, 'न'चा 'ण' झाला आणि शब्द स्त्रीलिंगी झाला. दुर्बीण, दुर्बिणीनें, दुर्बिणींतून अशीं तिचीं रूपें चालूं लागलीं. ज्या शब्दाला आपली विभक्ति लागते, तो घरचा झाला असें समजावें. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तींत तो फार्सी म्हणून नोंदलेला आहे. पण तेव्हांहि तो मराठी माणसाच्याच तोंडचा शब्द होता.

येथें एक प्रश्न उभा राहतो. दुर्बिणीच्या जोडीला उत्तरेकडे 'खुर्दबीन' हा सूक्ष्म वस्तु दाखविणाऱ्या यंत्राचा शब्द आहे, आणि चित्रें दाखविणाऱ्या पेटीला 'सैरबीन' म्हणतात. मग मराठीनें थोरली बहीण घेतली आणि धाकट्या दोघी कां सोडल्या? उत्तर त्या त्या यंत्राच्या वाटेंत आहे. दुर्बीण समुद्रावरून आणि छावणींतून आली. खलाशी, सरदार, वकील, सावकार यांच्या हातांतून ती फिरली; तिला पुस्तकाची ओळख लागली नाहीं. सूक्ष्म वस्तु दाखविणाऱ्या यंत्राला युरोपांत १६२५ मध्यें 'मायक्रोस्कोप' असें नांव मिळालें, आणि त्याच शतकांत हॉलंडच्या लेव्हेनहुकनें पाण्याच्या थेंबांतील जीव पाहिले. पण महाराष्ट्रांत तें यंत्र सर्वसाधारण माणसाच्या हातीं कधींच पडलें नाहीं. तें शाळेच्या कपाटांतून आलें, आणि म्हणून शाळेनें दिलेलें 'सूक्ष्मदर्शक यंत्र' हें संस्कृत नांव घेऊन आलें. हातांतून आलेल्या वस्तूला बोलीचा शब्द आणि पुस्तकांतून आलेल्या वस्तूला संस्कृत शब्द, असा हा साधारण नियम दिसतो.

यंत्र येणें आणि त्याचा उपयोग होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सवाई जयसिंगानें अठराव्या शतकांत दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथें दगडाचुन्याच्या प्रचंड वेधशाळा उभारल्या. त्याच्या पदरीं जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते; त्यांनीं भूमितीचा रेखागणित हा संस्कृत ग्रंथ अरबीवरून केला. जयसिंगाच्या काळीं दुर्बीण हिंदुस्थानांत आलेली होती आणि त्यालाहि ती माहीत होती. पण त्याचीं मुख्य यंत्रें साध्या डोळ्यांसाठींच बांधलेलीं होतीं.

मराठी राजांपैकीं एकानें मात्र हें अंतर पुष्कळ तोडलें. तंजावरचे दुसरे सरफोजी भोंसले हे १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीं फार वाढविलें, हें सर्वांस माहीत आहे. त्यांना नेत्रवैद्यकाची विशेष आवड होती. त्यांच्या काळांतील डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरास जपून ठेवलेल्या आहेत; मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया त्यांत आढळतात. शब्दांची आणखी एक गंमत येथें दिसते. आयुर्वेदांत डोळ्याच्या तिमिर रोगाच्या वाढत्या पायरीला 'काच' म्हणत, आणि दृष्टि अगदीं जाण्याला 'लिंगनाश' म्हणत. दृष्टि सुधारणारें चष्म्याचें भिंगहि कांचेचें, आणि दृष्टि नेणारा रोगहि काच. आजच्या काचबिंदू या शब्दांत ती जुनी आठवण अजून शिल्लक आहे.

इंग्रजी अमलांत मुंबईस कुलाबा येथें १८२६ मध्यें वेधशाळा झाली. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' हें मराठींतील पहिलें वर्तमानपत्र काढलें आणि १८४० मध्यें 'दिग्दर्शन' हें मासिक सुरू केलें. दोन्ही नांवें पाहण्याचींच आहेत. पहिल्यांत समाजानें स्वतःचें तोंड पाहावें, दुसऱ्यानें बाहेरच्या दिशा दाखवाव्या. कुलाब्याच्या वेधशाळेशींहि जांभेकरांचा संबंध होता. त्याच वेधशाळेंत नोकरीस लागलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं पुढें १८६० मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं. युरोपीय वेधांवर आधारलेले ग्रहांचे अंक मराठी पंचांगकर्त्याच्या हातीं पडले, ते या मार्गानें. कोल्हापुरांत बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं राजाराम कॉलेजांत शास्त्र शिकवितां शिकवितां पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांवर मराठींत ग्रंथ लिहिले. यंत्राचें नांव मराठींत सांगावयाचें, तर त्याचें काम स्वतःला नीट कळलेलें असावें लागतें. या ग्रंथकारांची खरी मेहनत तेथें होती.

पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. प्रोफेसर कावसजी नेगमवाला यांच्या देखरेखीखालीं तेथें वीस इंचांची दुर्बीण होती, आणि ती त्या वेळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. या दुर्बिणींत समोरचें भिंग नसून आरसा होता. म्हणजे नट्टापट्टा पाहण्याचा दर्पण आतां ताऱ्यांचा प्रकाश गोळा करूं लागला. ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नेगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें वेध घेतले, तर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले होते. प्रकाशाचे रंग अलग करून दाखविणारें वर्णपटदर्शक यंत्र त्या कामीं मुख्य होतें. दुर्दैव असें कीं, १९१२ मध्यें पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालास गेली. शब्द पुण्यास राहिला, वस्तु गेली.

याच काळांत एक विलक्षण शब्द जन्मास आला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ मध्यें कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर हलतीं दाखविण्याचा खेळ सुरू केला, आणि त्याला 'शांबरिक खरोलिका' असें नांव दिलें. शंबर हा मायावी असुर. त्याच्या मायेची आठवण देणारा हा दीप. नांव उच्चारावयास कठीण, पण खेळ लोकप्रिय झाला. खेळाबरोबर शब्द जगला आणि खेळ संपल्यावर शब्दहि पडद्याआड गेला. इकडे कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खटपट करून १९१८ मध्यें चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा स्वतः तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्यें निघाला. त्या कॅमेऱ्याला कोणीं संस्कृत नांव दिलें नाहीं. नांव परकें राहिलें, वस्तु मात्र कोल्हापुरी झाली. पुण्याच्या वेधशाळेची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारीं ठेवली, म्हणजे कोणतें स्वावलंबन अधिक मोलाचें, याचा निर्णय अवघड नाहीं.

भाषाशुद्धीचा वाद यानंतर रंगला. फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा पहिला मोठा यत्न शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशानें केला होता. सावरकरांनीं रत्नागिरीस स्थानबद्ध असतां त्याला नवें चालन दिलें. या वादांत एक नांव विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. माधव जूलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन हे कवि आणि फार्सीचे पंडित. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें. त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ मध्यें निघाला, आणि 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ मध्यें. ज्यानें फार्सी शब्दांची मोजदाद केली, तोच पुढें त्यांच्या बहिष्काराचा पुरस्कर्ता झाला. अज्ञानानें घेतलेला तो पक्ष नव्हता; म्हणून त्याचें उत्तरहि आदरानेंच दिलें पाहिजे. दाते आणि कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि शास्त्राला मराठी शब्द हवे असतील तर ते एका ठिकाणीं मिळूं लागले.

काळानें या वादाचा निकाल कसा लावला, हें आतां स्पष्ट दिसतें. भाषाशुद्धीनें दिलेले पुष्कळ शब्द रुजले, आणि त्यांनीं मराठीचें बळ वाढविलें. सूक्ष्मदर्शक रुजला. दूरदर्शक मात्र दुर्बिणीला हलवूं शकला नाहीं. आणि 'दूरदर्शन' या त्याच्या भावंडाला भलतेंच काम मिळालें. दिल्लीस १९५९ मध्यें व मुंबईस ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं चित्रवाणी सुरू झाली, आणि तो शब्द घरोघरच्या पेटीचा झाला. उलट दुर्बीण वाढतच गेली. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें विसाव्या शतकाच्या अखेरीस रेडिओ-लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें पंचवीस किलोमीटरच्या टापूंत विखुरलेल्या आहेत. तेथें नळी नाहीं, भिंग नाहीं, पाहणारा डोळाहि नाहीं. तरी खेड्यांतला माणूस तिला दुर्बीणच म्हणतो, आणि शास्त्रज्ञहि तेंच म्हणतात. तीनशें वर्षांपूर्वीं खलाशाच्या हातून आलेल्या शब्दानें इतकें मोठें ओझें उचलावें, याहून त्याच्या मराठीपणाचा दुसरा दाखला कोणता?

दोन्ही वादांचा निकाल अशा रीतीनें एकाच ठिकाणीं येतो. नलकाला दुर्बीण ठरविल्यानें पूर्वज मोठे होत नाहींत, आणि दुर्बिणीला परकी ठरविल्यानें आपण शुद्ध होत नाहीं. भीति आहे ती निराळ्याच गोष्टीची. सूक्ष्मदर्शक या शब्दाची व्याख्या बिनचूक लिहिणारीं आणि त्या यंत्राला एकदांहि डोळा न लावलेलीं मुलें आपल्या शाळांतून दरवर्षीं बाहेर पडतात. त्यांच्या हातीं शब्द येतो, वेध येत नाहीं.

चैत्री पौर्णिमेच्या रात्रीं जोतिबाच्या डोंगरावर चंद्र पूर्ण असतो, आणि गुलालानें माखलेल्या पायऱ्या त्या चांदण्यांत स्पष्ट दिसतात. यात्रेला ती रात्र उत्तम. परंतु दुर्बिणीनें चंद्र पाहण्यास ती सर्वांत वाईट. सूर्य त्या वेळीं चंद्रावर समोरून पडतो, डोंगरांच्या सावल्या पडत नाहींत, आणि चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. यात्रेच्या सात दिवस आधीं, शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळीं, लहानशी दुर्बीण जरी अर्ध्या चंद्राकडे वळविली, तरी उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांचे कांठ लखलखतांना दिसतात. चारशें वर्षांपूर्वीं गॅलिलिओला दिसले ते हेच. ती तिथि कोणती, हें दुर्बीण सांगत नाहीं. तें धीयंत्रानेंच आधीं काढावें लागतें.